पानशेतचा पूर किती वेळा सांगायचा? पुण्यातल्या एका ज्येष्ठ निवासातलं प्रकरण

वारज्याच्या बाजूला असलेल्या एका असिस्टेड लिव्हिंग केंद्रात, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठ निवासात, जूनमध्ये महाविद्यालयीन मुलांचं येणं सुरू झालं आणि ऑक्टोबरात ते थांबलं. डिसेंबरात दुसरी मुलं आली, तेव्हा आधी रंगून बसणाऱ्या मंडळींपैकी जवळपास निम्म्यांनी खाली यायलाच नकार दिला. एका आजोबांनी तर खोलीचं दार लावून घेतलं. त्या सुमारास केंद्राच्या व्यवस्थापकबाईंनी मला बोलावलं. मी ज्येष्ठांबरोबर समुपदेशनाचं काम करते, म्हणून. हे टिपण केंद्राच्या आणि संबंधित मंडळींच्या परवानगीनं लिहिलं आहे. कोणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, अशा केंद्रांचे चालक आणि समाजकार्य शिकणारी मुलं हे माझे वाचक आहेत असं धरून लिहिते आहे.

केंद्र चार मजली आहे. तळाला जेवणघर, सभागृह आणि देवघर. पहिल्या मजल्यावर स्वतःचं स्वतः करणारी मंडळी, दुसऱ्यावर आंघोळीला, उठा-बसायला मदत लागणारी, आणि तिसऱ्यावर स्मृतिभ्रंश झालेली. त्या मजल्याच्या दाराला कायम कडी असते. एकूण चाळीसेक माणसं. मुलं अमेरिकेत म्हणून आई-वडील इथं, ही पुण्यातली ठरलेली गोष्ट इथंही आहेच. पण काहीजण वेगळ्याच वाटेनं आले आहेत. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, ‘दोन वर्षांपुरतं’ म्हणून आले, इमारत उभी राहिली आणि तोवर परत जाण्याची ताकद उरली नाही. घर बांधून तयार आहे, किल्ली मुलाकडे आहे, आणि आई-वडील इथल्या पहिल्या मजल्यावर.

पुण्याला हे प्रकार नवे नाहीत. नवी पेठेतली ‘निवारा’ ही ज्येष्ठांसाठीची संस्था १८६३ सालची, डेव्हिड ससून यांच्या नावाशी जोडलेली. अलीकडे ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीही झाल्या. दोन्हींच्या मधली, म्हणजे घर सुटलेलं पण रुग्णालयाची गरज नाही, अशी माणसं ज्या केंद्रांत राहतात ती गेल्या काही वर्षांत शहराच्या कडेकडेनं उगवली आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांहून जास्त. ही केंद्रं वाढणारच. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास तर १९६९ पासूनच्या त्या योजनेत मुरलेलेच आहेत. मुलांना तास भरायला जागा हवी आहे, केंद्रांना ‘उपक्रम’ हवे आहेत. दोघं एकमेकांना सापडणार यात नवल नाही. सापडल्यावर काय होतं, ते या प्रकरणात दिसलं.

जूनमधल्या पहिल्या शनिवारी चोवीस मुलं आली. बॅनर लावला, ज्येष्ठांना दोन रांगांत बसवलं, मागं मुलं उभी राहिली, जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, निघाला. तो लागतोच, मूल्यांकनाच्या फायलीत त्याशिवाय उपक्रम झालाच नाही असं धरतात. फोटोसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या तिघांना व्हीलचेअरवरून खाली आणलं होतं आणि फोटो झाल्यावर लगेच वर नेलं. नेणाऱ्या मावशींना हे खटकलं. तसं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पुढं दर शनिवारी चार ते सहा. गाणी, भेंड्या, एकदा हरिपाठ, एकदा मंगळागौरीचे खेळ. हे सगळं बरं चाललं. गडबड होती ती प्रश्नावलीची. ‘ज्येष्ठांशी संवाद’ असं शीर्षक, दहा प्रश्न, आणि प्रत्येक मुलानं तिघांकडून भरून घ्यायची. सातवा प्रश्न: ‘पानशेतच्या पुराची आपली आठवण सांगा.’ १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसाला हे विचारावं असं कोणालाही वाटेल. पण सभागृहात येणारी माणसं पंधरा-सतरा आणि प्रश्नावल्या बहात्तर. हिशेब करा. शिवाय त्यातले चारजण १९६१ साली पुण्यात नव्हतेच. एक आजी तेव्हा इचलकरंजीला होत्या. त्यांनी तीन वेळा ‘मी पेपरात वाचलं’ असं सांगितलं आणि तिन्ही मुलांनी ते इमानानं लिहून घेतलं.

आता ज्यांनी दार लावून घेतलं त्या आजोबांविषयी. वय त्र्याऐंशी. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारे म्हणून सुरुवात, पुढं तिथंच मुद्रितं तपासायचे. लग्न उशिरा, पत्नी गेली, मुलगा सिंगापूरला. केंद्राचे पैसे तोच भरतो. पूर आला तेव्हा आजोबा एकोणीस वर्षांचे होते. पहिल्या मुलीला त्यांनी सगळं नीट सांगितलं. पाणी ओसरल्यावर छापखान्यात गेले तर खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणांचे ट्रे, उलट्या पडलेल्या, त्यांच्या घराघरांतले (खणाखणांतले) खिळे चिखलात एकमेकांत मिसळलेले. मराठी जुळवणीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लागतात. काना वेगळा, जोडाक्षरं वेगळी. ते सगळं रॉकेलनं धुऊन पुन्हा घरोघर लावण्यात त्यांचे पुढचे कित्येक महिने गेले आणि त्यातच ते काम शिकले. दुसऱ्या मुलाला यातलं निम्मंच मिळालं. तिसऱ्याला त्यांनी सांगितलं की ते ओंकारेश्वराच्या कळसावर चढून बसले होते आणि खालून एक हत्ती वाहत गेला. त्यानं लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी मुलांच्या महाविद्यालयातल्या, उपक्रम बघणाऱ्या सरांनी ‘उत्कृष्ट मुलाखत’ म्हणून तोच हत्ती सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आजोबा शेवटच्या रांगेत गंभीर चेहऱ्यानं बसले होते म्हणे. मला हा प्रकार फार आवडला. आपल्याला कोणी ऐकत नसून भरून घेत आहे, हे कळल्यावर माणसानं दुसरं काय करावं?

पहिली मुलगी मात्र परत आली. ती परभणीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणारी. तिला पुराशी घेणं नव्हतं. खिळे उलटे असतात तर वाचायचे कसे, हे तिला कळेना. आजोबांनी कागदावर उलटी अक्षरं काढून दाखवली. नंतर ती महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी लिहिलेला मजकूर घेऊन आली आणि आजोबांनी लाल पेन मागितलं. पुढं हे दर शनिवारचं झालं. ती मजकूर आणायची, स्वतःचा नाहीतर मैत्रिणींचा. आजोबा समासात खुणा करायचे, कधी ऱ्हस्व-दीर्घावरून रागवायचे. मावशींच्या सांगण्याप्रमाणे साडेतीनलाच दाढी करून तयार असायचे. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “पुण्यात आल्यापासून माझं लिहिलेलं कोणी पूर्ण वाचलंच नव्हतं.” उपकार कोण कोणावर करत होतं, हे सांगणं अवघड आहे.

दुसरी जोडी अशीच जुळली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ससून रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर लागतो. त्यांना ‘आजी’ म्हटलेलं चालत नाही. सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, मीही पुढं तसंच लिहिते. धनकवडीचा एक कॉमर्सचा मुलगा त्यांना मोबाइल शिकवायचा. सिस्टर त्याला पाठीचा कणा ताठ ठेवून बसायला शिकवायच्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. बोटांचे ठसे घासून गेल्यानं यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून दर वर्षी त्यांना रिक्षा करून बँकेत जावं लागायचं. त्या मुलानं सांगितलं की आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला, निघतं, मी नोव्हेंबरात करून देतो. सिस्टरनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार शेवटचा ठरला. तो शेवटचा आहे हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं, मुलांनाही नाही. परीक्षा लागल्या, मग दिवाळीची सुट्टी. सरांच्या वहीत उपक्रमाचे तास पूर्ण झाले होते, त्यांनी अहवाल पाठवून दिला. पुढच्या शनिवारी मावशींनी खुर्च्या लावल्या. अकराजण येऊन बसले. साडेपाचला उठून गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही खुर्च्या लावल्या. मग व्यवस्थापकबाईंनी महाविद्यालयात फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं, “सत्र संपलं ना मॅडम.”

नोव्हेंबरात सिस्टर वाट बघत राहिल्या. व्यवस्थापकबाई दाखला काढून देते म्हणाल्या, तर नको म्हणाल्या, “त्यानं सांगितलंय.” शेवटी महिना संपायला दोन दिवस असताना त्यांनी होकार दिला. पेन्शन थांबली नाही, पण त्या दिवसापासून त्या मोबाइलला हात लावेनात आणि मावशींवर बारीकसारीक गोष्टींवरून करवादू लागल्या. आजोबांनी जेवण खोलीत मागवायला सुरुवात केली. रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दाखवायची त्यांची सवय सुटली. डॉक्टरांनी तपासलं, नवं काही दुखणं सापडलं नाही. डिसेंबरात पहिल्या वर्षाची नवी मुलं तीच प्रश्नावली घेऊन दारात आली, तेव्हा आजोबांनी आतूनच निरोप दिला: “त्यांना सांगा, पाणी ओसरलं.”

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्यांचंच असं झालं नव्हतं. गाण्यांना येणाऱ्या पाच-सहाजणींना जुनी मुलं गेल्याचं फारसं काहीच वाटलं नाही. त्यांना नवी मुलंही तितकीच आवडली. ‘मुलं येतात, जातात, आपण टाळ्या वाजवायच्या,’ असं एकीनं मला हसत सांगितलं. त्रास झाला तो ज्यांचं कोणाशी तरी जमलं होतं त्यांना.

प्रत्येकाकडे या घटनेचं आपापलं स्पष्टीकरण होतं. व्यवस्थापकबाईंच्या मते आजकालच्या मुलांना जबाबदारी नाही. सरांच्या मते मुलांनी अपेक्षेपेक्षा चांगलं काम केलं, आणि परीक्षा काही त्यांनी ठेवली नव्हती. सिंगापूरहून आजोबांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “बाबांना उगाच कोणाच्या नादी लावू नका.” सगळ्यांत नेमकं बोलली ती दुसऱ्या मजल्यावरची मावशी. ती बावीस वर्षांची आहे, नंदुरबारकडची. बारा तासांची ड्यूटी करते. ती म्हणाली, “शनिवारी येतात त्यांची वाट बघतात. मी रोज असते, माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नसतो. आणि मला पण नसतो.”

तिचं वाक्य मी नंतर महाविद्यालयातल्या बैठकीत वाचून दाखवलं. तरुण माणसांचा सहवास ज्येष्ठांना मिळावा असं आपण म्हणतो, तेव्हा त्या इमारतीत आधीपासून असलेली तरुण माणसं आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. ती स्वयंसेवकांच्याच वयाची आहेत. फरक इतकाच की त्यांना आंघोळ घालायची असते, चादर बदलायची असते आणि पुढच्या खोलीतली घंटा वाजत असते.

या प्रकरणात मुलांच्या बेफिकिरीपेक्षा दुसरंच काही घडलं होतं, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार एका जुन्या अमेरिकन अभ्यासाचा. १९७६ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांनी एका वृद्ध निवासातल्या लोकांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भेटी घडवल्या. चार गट केले. एका गटाला भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं. दुसऱ्याला ठरवता येत नव्हतं, पण कोण कधी येणार हे आधी सांगितलं जायचं. तिसऱ्याकडे मुलं तितकाच वेळ यायची, पण अचानक. चौथ्याकडे कोणीच जात नव्हतं. पहिल्या दोन गटांची तब्येत आणि उमेद सुधारली. अचानक भेटी मिळालेला गट मात्र भेटीच न मिळालेल्या गटाइतकाच राहिला. म्हणजे गुण नुसत्या सहवासाचा नव्हता. ‘कधी येणार हे मला माहीत आहे’ याचाही होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा अभ्यास भाषणात वापरायला छान होता. पण शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी त्याच लोकांचा पुढं मागोवा घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. भेटी थांबल्यानंतर ज्या दोन गटांना फायदा झाला होता, तेच घसरले. बाकीचे दोन गट होते तिथंच राहिले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी नैतिक प्रश्नांचा उल्लेख केला आहे, आणि तो करायलाच हवा होता.

वारज्यातला शनिवार चारचा ठोका चुकवत नव्हता. म्हणून तर आजोबा साडेतीनला दाढी करून बसायचे. जे चांगलं चाललं होतं तेच थांबल्यावर टोचलं. मुलं वाईट असती, कधी आली कधी नाही अशी असती, तर ऑक्टोबर कोणाच्या लक्षातही आला नसता. त्यामुळे अशा उपक्रमात सगळ्यांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे तो संपणार कसा. गाणी कोणती आणि खेळ कोणते, याला तितकी घाई नसते.

आणखी एक गोष्ट जानेवारीत उघड झाली. परभणीच्या मुलीला मी भेटले. ती म्हणाली, “मी आले होते नोव्हेंबरात. गेटवर सोडलं नाही.” सुरक्षारक्षकाच्या वहीत ‘संस्थेचे पत्र’ असा रकाना होता. उपक्रम संपला, पत्राची मुदत संपली, मुलगी नातेवाईक नव्हती. रक्षकानं नियमाप्रमाणे तिला परत पाठवलं आणि वर कळवलं नाही. आजोबांना हे कळायला दीड-दोन महिने लागले. कॉमर्सच्या मुलाचं तसं नव्हतं. दाखल्याचं काम केंद्रवाले करतीलच असं त्यानं धरलं होतं. सिस्टरनी त्याला समोर बसवून सांगितलं, “वॉर्डात औषध द्यायचं राहिलं तर दुसरं कोणी देईल, असं धरून चालत नाही.” त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

जानेवारीत सर, व्यवस्थापकबाई, सिस्टर आणि दुसऱ्या मजल्यावरची मावशी अशी बैठक झाली. मावशीला बैठकीत घ्यावं का, यावरच थोडा वेळ गेला. सर समजूतदार निघाले. त्यांच्यावर वरून तासांचा आणि फोटोंचा दबाव असतो हे त्यांनी लपवलं नाही. पहिला निर्णय कॅलेंडरचा. सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सत्राचं कॅलेंडर लागलं. परीक्षेचे आठवडे त्यावर लाल रेघांनी खोडले आणि एप्रिलमधली शेवटच्या भेटीची तारीख पहिल्याच दिवशी लिहिली. व्यवस्थापकबाईंना हे क्रूर वाटलं. “आल्या आल्या जाण्याचं काय सांगायचं?” पण ज्यांना कळतं त्यांना कळू द्यावं, असं सिस्टरचं म्हणणं पडलं आणि ते राहिलं.

मग वेळ. शनिवार चार ही वेळ महाविद्यालयाच्या सोयीची होती. केंद्रात त्याच वेळी चहा असतो, मावशींची गडबड असते, आणि तिसऱ्या मजल्यावर तर ती वेळ सगळ्यांत वाईट. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते. आता प्रत्येकाला विचारलं: कोणी यायला हवं आहे का, केव्हा, किती वेळ. सातजणांनी होकार दिला. तिघांनी स्पष्ट नको म्हटलं. बाकीच्यांना गाणी पुरेशी होती, ती महिन्यातून एकदा ठेवली. सिस्टरनी रविवारी सकाळी दहाची वेळ मागितली. एका आजोबांनी वीस मिनिटांच्या वर नको असं सांगितलं, कारण त्यांना दम लागतो आणि तसं तोंडावर सांगायला संकोच वाटतो. रविवार सकाळ म्हटल्यावर चोवीसपैकी नऊच मुलं उरली. माझ्या मते ही चांगली गळती होती. उरलेल्यांच्या तासांचं काय, हा सरांचा प्रश्न रास्त होता. केंद्राच्या ग्रंथालयातली पुस्तकं लावणं आणि मोठ्या अक्षरांत यादी करणं हे काम त्यांना मिळालं. त्यात ज्येष्ठांशी बोलणं आपसूक झालं तर झालं.

प्रश्नावली गेली. त्याऐवजी भेटीच्या शेवटी ज्येष्ठ माणसानं पुढच्या वेळी काय आणायचं ते सांगायचं. कोणी पंचांग मागितलं, कोणी चितळ्यांची बाकरवडी (मधुमेहामुळे ती सिस्टरच्या परवानगीनं, एकच), एका आजींनी त्या राहायच्या त्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी आता काय आहे त्याचा फोटो. फोटो आला. वाडा नव्हता, इमारत होती आणि खाली अभ्यासिका. आजींना वाईट वाटेल अशी मुलाला भीती होती; त्यांनी विचारलं, “महिन्याला किती घेतात?”

मुलांचं प्रशिक्षण सिस्टरनी स्वतः घेतलं. वॉकरसह माणसाला खुर्चीतून कसं उठवायचं, काखेत हात घालून ओढायचं का नाही, सर्दी असेल तर यायचंच नाही. ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून बोलायचं नाही, कारण वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात आणि ओरडलं की आवाज आणखी वर चढतो. समोर बसायचं, टीव्ही बंद करायचा, आवाज खाली आणायचा. मुलांनी मावशींना हातभार म्हणून जेवण भरवावं, ही व्यवस्थापकबाईंची सूचना त्यांनी साफ उडवून लावली. गिळताना त्रास होणाऱ्याला भरवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. घास श्वासनळीत गेला तर स्वयंसेवक काय करणार? पैसे, एटीएम, ओटीपी यांपैकी कशालाही मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम आधीपासून होता, तो तसाच ठेवला. हयातीच्या दाखल्याचं काम आता कार्यालयाकडे आहे. मुलगा शेजारी बसून शिकवू शकतो.

फोन नंबरचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. सरांना मुलींची काळजी, ज्येष्ठांच्या मुलांना पैशांची. सध्या केंद्राचा एक मोबाइल रविवारी संध्याकाळी तासभर यासाठी मोकळा ठेवतात. हे कामचलाऊ आहे. ऐंशी वर्षांच्या शहाण्या माणसाला कोणाचा नंबर जवळ ठेवायचा हे ठरवता येऊ नये, याचं मला अवघड वाटतं.

बैठकीत कोणीतरी नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरचं उदाहरण काढलं. तिथल्या ह्युमॅनिटास या केंद्रात २०१२ पासून विद्यार्थी बिनभाड्याने राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास ज्येष्ठांसाठी देतात. पुण्यात पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं एका कॉटसाठी मोजतात ते पैसे पाहता ही कल्पना कोणालाही भुरळ घालेल. मलाही घालते. तिथं राहणाऱ्या मुलाला परीक्षा असली तरी तो जिन्यात भेटतोच. हा त्या रचनेचा खरा गुण. पण वारज्याच्या केंद्रात मावशींनाच झोपायला सहाजणींत एक खोली आहे. आधी ते पाहावं. पगारी सोबतीचा मार्गही आहे. रतन टाटांच्या गुंतवणुकीसह २०२२ साली सुरू झालेल्या ‘गुडफेलोज’नं तरुण पदवीधरांना ते काम दिलं. पगार असला की नेम राहतो. या केंद्रानं तूर्त तो मार्ग घेतला नाही. मावशींच्या ड्यूटीत रोज अर्धा तास ‘नुसतं बसण्याचा’ धरता येईल का, याचा हिशेब व्यवस्थापकबाई मांडत आहेत. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर आणखी एक माणूस लागेल. मालक अजून हो म्हणालेले नाहीत.

आजोबा फेब्रुवारीपर्यंत खाली आले नाहीत. गेटवरची हकिगत कळल्यावरही नाही. परभणीची मुलगी रविवारी यायची, दाराबाहेर मजकूर ठेवायची आणि सिस्टरकडे जाऊन बसायची. पहिल्यांदा कागद तसाच परत आला. पुढच्या वेळी त्यावर एकच लाल खूण होती, शीर्षकातल्या वेलांटीवर. मार्चमध्ये दोघं पुन्हा सभागृहाच्या कोपऱ्यात बसायला लागले. पूर्वीइतकं बोलणं होत नाही, असं तिचं म्हणणं. जेवणाला मात्र ते खाली येतात.

एप्रिलमध्ये ठरल्या तारखेला शेवटची भेट झाली. त्याआधीच्या आठवड्यात पुढच्या वर्षी येणारी चार मुलं जुन्यांबरोबर येऊन गेली, म्हणजे जूनमध्ये सगळेच अनोळखी नसतील. सातपैकी दोघांनी नव्या मुलांना नको म्हटलं. एका आजींची तब्येत मेमध्ये खालावली. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही, पण नोंद ठेवली आहे. शुल्झ यांच्यासारखा मागोवा घ्यायचा तर नोंदी आतापासूनच हव्यात: जेवण, झोप, खाली येणं, भांडणं. मावशी त्या वहीत लिहितात, आणि त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा बऱ्या असतात.

राहता राहिली गेटवरची वही. ‘संस्थेचे पत्र’ या रकान्याशेजारी आता ‘खासगी भेट’ असा रकाना आहे. ज्येष्ठ माणसानं सही केली की पाहुण्याला आत सोडायचं, मग तो नातेवाईक असो वा नसो. परभणीच्या मुलीचं यंदा शेवटचं वर्ष आहे, तिचे रासेयोचे तास संपले, आणि आजोबांनी त्या रकान्यात तिच्या नावापुढं सही करून ठेवली आहे. सिंगापूरच्या मुलानं मेल पाठवून हरकत घेतली: पैसे तो भरतो, तेव्हा त्याच्या संमतीशिवाय बाहेरचं कोणी येऊ नये. व्यवस्थापकबाईंपुढं पेच आहे. आजोबांची आकलनशक्ती शाबूत आहे हे डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, आणि कोणाला भेटायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे, असं मी माझ्या अहवालात लिहिलं आहे. मुलाची काळजी खोटी आहे असं मला वाटत नाही. पैशांच्या व्यवहाराचे नियम त्या काळजीपोटीच आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा पुण्यात येतो आहे, तेव्हा बैठक ठेवली आहे. आजोबांनी त्या बैठकीचा मसुदा आधी आपल्याला तपासायला द्यावा, असं कळवलं आहे.